गव्हाच्या श्वेतसुरेची कुळकथा

गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी आमचा भाचा एक जड पिशवी घेऊन आमच्या निगडीच्या घरी आला. तो चाकणच्या एका जर्मन कारखान्यात अभियंता आहे. कारखान्याच्या कामानिमित्त सहा महिने बव्हेरियातील इंगोल्श्टाट ह्या गावी राहून तो नुकताच परतला होता. पिशवीतून त्याने तीन वस्तू काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडल्या : गव्हाच्या माल्टच्या अर्काचे दोन डबे, वाळवलेल्या हॉप फुलांची एक पुडी आणि यीस्टचे एक लहानसे पाकीट. मग आमच्याकडे वळून तो म्हणाला, "मामा, मुंजीच्या वेळचं ते मोठं पातेलं आहे ना अजून? वीस लिटर पाणी मावेल असं?"

हेतू उघड होता. बव्हेरियात ज्या घरी तो राहत होता, तेथील म्हातारे यजमान थंडीच्या दिवसांत तळघरात गव्हाची बिअर स्वतः करीत. ती विद्या तो शिकून आला होता आणि तिचा प्रयोग करण्यास त्यास आमच्या घरासारखे दुसरे घर दिसेना. आम्ही काही बोलणार, इतक्यात आमच्या मातोश्री तेथे आल्या. त्यांचे वय आज ८४ वर्षांचे आहे. डबा उघडलेला पाहून त्यांनी चमच्याच्या टोकाने थोडा अर्क चाखला आणि म्हणाल्या, "अरे, हे तर नाचणीच्या सत्त्वासारखं लागतंय. जरा खरपूस आहे, इतकंच."

भाच्याने त्यांस समजावून सांगितले, की गहू भिजवायचा, त्यास मोड आणायचे, वाळवायचा, भरडायचा, गरम पाण्यात मुरवून त्याचे गोड पाणी काढायचे आणि ते आटवायचे, म्हणजे हा अर्क होतो. पुढचे सांगताना तो जरा अडखळला. मातोश्रींनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "आजीला एक सांग बाळ, हे घरी करायला बंदी कशानं? कुरडयांचा गहू मी तीन दिवस आंबवते, तेव्हा कुणी शिपाई दारात येत नाही."

आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवीत आलो आहोत. ह्या प्रश्नाचे तयार उत्तर आमच्यापाशी नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. आणि तो प्रश्न मातोश्रींनी विचारावा, ह्यात आणखी एक विशेष होता. त्यांचे थोरले बंधू, म्हणजे आमचे थोरले मामा, खडकीस नोकरीस होते. दारूबंदीच्या काळात नदीकाठच्या हातभट्टीची चटक त्यांस लागली आणि साठीच्या दशकात, चाळिशी ओलांडण्यापूर्वीच, ते गेले. त्यानंतर आमच्या घरात तो विषय कधी निघत नसे. ज्या बाईने त्या पेयापायी पाठचा नव्हे, पुढचा भाऊ गमावला, तीच आज 'बंदी कशानं?' असे विचारीत होती. तेव्हा उत्तर वरवरचे देऊन चालण्यासारखे नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

प्रथम त्या डब्यात काय होते, हे वाचकांस सांगणे अवश्य आहे. धान्याच्या दाण्यात पिष्ट साठवलेले असते. कोंबाच्या पोषणासाठी निसर्गाने त्या पिष्टाची साखर करणारी पाचक द्रव्येही दाण्यातच तयार होण्याची योजना केली आहे. दाणा भिजला, त्यास मोड फुटू लागला, की ही द्रव्ये जागी होतात. नेमक्या त्याच वेळी दाणा वाळवला, तर कोंब मरतो आणि द्रव्ये टिकतात. असा वाळवलेला, मोड आलेला दाणा म्हणजेच माल्ट. तो भरडून सुमारे ६५ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवला, की पिष्टाची साखर होऊन गोड काढा मिळतो. हा काढा हॉप फुलांबरोबर उकळला, निववला आणि त्यात यीस्ट घातले, की यीस्टचे सूक्ष्म जीव साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायू निर्माण करतात. बिअरची सारी विद्या एवढ्यात आली.

गव्हाच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. जवाच्या दाण्यास टरफल असते आणि काढा गाळताना त्या टरफलांचाच गाळणीसारखा उपयोग होतो. गव्हास टरफल नसल्यामुळे त्याचा लगदा होऊन बसतो. म्हणून जर्मन लोक गव्हाबरोबर जवाचे माल्ट मिसळतात. मात्र जर्मनीत गव्हाची बिअर म्हणवून घेण्यासाठी माल्टपैकी निदान निम्मे गव्हाचे असावे लागते. ह्या सर्व खटाटोपातून डब्यातील अर्क गृहस्थाची सुटका करतो. मोड आणणे, भाजणे, भरडणे, मुरवणे, गाळणे ही सारी कामे कारखान्यात उरकलेली असतात. वीस लिटर बिअरसाठी सुमारे तीन किलो कोरडा अर्क पाण्यात विरघळवायचा, पंधरा-वीस ग्रॅम हॉप घालून तासभर उकळायचे, वीस अंशांपर्यंत निववायचे आणि यीस्ट सोडायचे. पुढचे काम यीस्टचे. दहा-बारा दिवसांनी किंचित साखर घालून बाटल्या भरल्या, की आणखी दोन आठवड्यांत पेय तयार होते. त्यात मद्यार्काचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास असते. ह्या बिअरचे यीस्ट काढून टाकीत नाहीत, म्हणून ती गढूळ, फिकट दिसते आणि तिच्या फेसाचा रंग अगदी पांढरा असतो. जर्मन लोक तिला 'वाइसबिअर' म्हणजे पांढरी बिअर म्हणतात, ते ह्यामुळेच. तिला लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास येतो. पण तिच्यात लवंगही नसते आणि केळेही नसते. हे दोन्ही वास त्या विशिष्ट जातीच्या यीस्टने निर्माण केलेले असतात. उष्णता वाढली, की हे यीस्ट बिघडते आणि पेय उग्र होते. भाच्याने मार्गशीर्षाची थंडी गाठली होती, ती ह्याच कारणास्तव. चैत्र-वैशाखात पिंपरीच्या उन्हाळ्यात हा प्रयोग फसलाच असता.

आता मातोश्रींचे म्हणणे पाहू. नाचणीला मोड आणून, ती वाळवून, दळून केलेले सत्त्व हे शास्त्रदृष्ट्या माल्टच होय. मुलाच्या उष्टावणापासून आपल्याकडे ते घरोघर चालत आले आहे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, पाणी रोज बदलतात, मग वाटून त्याचा चीक काढतात. त्या तीन दिवसांत घरभर दरवळणारा आंबूस वास कोणास ठाऊक नाही? आंबील, ताक, डोशाचे पीठ ही सारी त्याच कुळातील. फरक इतकाच, की आपल्या ह्या पदार्थांत आंबटपणा आणणाऱ्या जीवाणूंचे राज्य असते आणि बिअरच्या पिंपात यीस्टचे. पातेले एकच, त्यात कोण शिरतो, एवढाच प्रश्न.

ह्या दुसऱ्या पाहुण्याचे आपल्या पूर्वजांसही वावडे नव्हते. सौत्रामणी यागात इंद्र, अश्विनीकुमार आणि सरस्वती ह्यांस सुरा अर्पण करीत. त्या सुरेच्या साहित्यात 'शष्प' आणि 'तोक्म' ही नावे येतात आणि भाष्यकार त्यांचा अर्थ मोड आलेले धान्य असाच करतात. म्हणजे माल्टची कल्पना वेदकालीन याज्ञिकांस अवगत होती. त्याहून मार्मिक साक्ष कौटिल्याची आहे. १९०९ साली म्हैसूरच्या शामशास्त्री ह्यांनी अर्थशास्त्राचा मूळ ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्यातील सुराध्यक्षाचे प्रकरण आजच्या अबकारी अधिकाऱ्यानेही अभ्यासावे असे आहे. मेदक नावाच्या सुरेस एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व घ्यावे, असे प्रमाणही तेथे दिले आहे. किण्व म्हणजेच आजच्या भाषेत आंबवण. कौटिल्य सुरेचा सारा व्यापार राजाच्या हाती ठेवतो. दुकाने कोठे असावीत, कोणास किती द्यावी, पिणाऱ्याच्या खिशावर आणि वागण्यावर नजर कोणी ठेवावी, हे सर्व तो बारकाईने सांगतो. पण इतका कडक प्रशासकही कुटुंबवत्सल गृहस्थास घरच्या कार्यप्रसंगी 'श्वेतसुरा' आणि औषधासाठी अरिष्ट तयार करण्याची मोकळीक देतो. उत्सव, मेळे आणि यात्रा ह्यांच्या वेळी तर तो चार दिवसांची सूट देण्यास सांगतो. कौटिल्याची श्वेतसुरा आणि बव्हेरियाची पांढरी बिअर ह्यांचे नाते केवळ नावापुरते आहे, हे आम्ही जाणतो. तथापि राजाचा कोश आणि गृहस्थाचे पातेले ह्यांच्यामध्ये रेघ कोठे ओढावी, ह्याचा विचार आपल्याकडे दोन सहस्र वर्षांपूर्वी झाला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता भाच्याच्या इंगोल्श्टाटकडे वळू. ह्याच गावी २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाचे दोन सत्ताधीश बंधू, ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग, ह्यांनी बिअरविषयीचा प्रसिद्ध हुकूम काढला. बिअर करताना जव, हॉप आणि पाणी ह्यांखेरीज काही वापरू नये, असा तो हुकूम होता. त्याच हुकुमात भावही ठरवून दिले होते. यीस्टचा त्यात उल्लेख नाही, कारण ते काय असते हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. आज जर्मन लोक ह्या हुकुमास शुद्धतेचा कायदा म्हणून मिरवतात. परंतु गहू वगळण्याचे एक कारण असे सांगतात, की गहू आणि राय ही धान्ये पावासाठी राखून ठेवावीत. गरिबाच्या ताटातील भाकरी पेल्यात जाऊ नये, हा हेतू खरा असेल तर तो स्तुत्यच म्हटला पाहिजे.

पण पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्याच राजकुळाने डेगेनबेर्ग नावाच्या एका सरदार घराण्यास गव्हाची बिअर करण्याचा खास अधिकार दिला. १६०२ साली त्या घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक वारला आणि तो अधिकार ड्यूक पहिला माक्सिमिलियान ह्याने स्वतःकडे घेतला. मग राज्याच्या स्वतःच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. म्युनिचच्या ज्या होफब्रॉयहाउसला आज जगभरचे प्रवासी भेट देतात, तेथेही त्या काळी ही पांढरी बिअर होत असे. प्रजेने गव्हाला हात लावला तर गुन्हा आणि राजाने तोच गहू आंबवला तर राज्याचे उत्पन्न, असा न्याय दोनशे वर्षे चालला. तीस वर्षांच्या युद्धात बव्हेरियाने जो खर्च केला, त्यातही ह्या पांढऱ्या फेसाचा वाटा होता. पुढे लोकांची रुची काळ्या आणि सोनेरी बिअरकडे वळली, उत्पन्न आटले आणि १७९८ साली राजाने आपला मक्ता सोडून दिला. जोवर पैसा होता तोवर गहू पवित्र. पैसा संपला तेव्हा गहू मोकळा! १८७२ साली गेओर्ग श्नायडर नावाच्या कारागिराने दुसऱ्या लुडविगच्या राज्यात गव्हाची बिअर करण्याचा हक्क मिळवला आणि मरणपंथास लागलेली ही जात वाचवली. त्याच सुमारास, १८७६ साली, पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने यीस्टची एक शुद्ध जात वेगळी काढून वाढवली. म्हणजे पातेल्यात शिरणारा पाहुणा कोण, हे जगास प्रथम कळले ते ह्या काळात.

येथे वाचक विचारतील, की हा बव्हेरियाचा इतिहास, त्याचा आमच्या पिंपरी-चिंचवडाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो नदीच्या पलीकडच्या तीरापासूनच सुरू होतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस लढाई झाली आणि तिच्यापाठोपाठ पुण्यातून पेशव्यांचा अंमल उठला. ज्या शहरात पेशव्यांच्या अमदानीत मद्यविक्रीस कडक मनाई होती, त्याच्या वेशीवर गोऱ्या पलटणीची छावणी बसली. गोऱ्या शिपायास बिअर हवी. ती आधी विलायतेहून पिंपे भरून समुद्रमार्गे येई. मग १८५५ साली एडवर्ड डायर ह्याने हिमालयातील कसौलीस भट्टी काढली. जालियनवाला बागेत गोळीबार करविणारा जनरल डायर हा ह्याचाच पुत्र. पुढे १८८७ साली विलायतेतील बर्टनच्या मद्यव्यवसायी घराण्यातील मीकिन नावाचा गृहस्थ हिंदुस्थानात आला आणि त्याने डायरच्या भट्ट्या विकत घेऊन त्यांत आणखी काहींची भर घातली. त्या भट्ट्यांच्या गावांत राणीखेत, डलहौसी, दार्जिलिंग ह्यांबरोबर आपल्या खडकीचेही नाव येते. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उतरणीस येथून हाकेच्या अंतरावर जवाचा काढा उकळत होता. तो मराठी माणसासाठी नव्हता, इतकेच.

मराठी माणसासाठी होता तो अबकारी कायदा. १८७८ साली मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा आला. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून दारू गाळण्याचे काम मोठ्या मक्तेदारांच्या हाती आणि सरकारी देखरेखीखाली एकवटावे, असे धोरण अमलात येऊ लागले. ताडाच्या प्रत्येक झाडावर कर बसला. १८९२ साली तर मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. जंगलातील आदिवासी जे फूल शतकानुशतके वेचून खात आणि गाळीत आले होते, ते नुसते घरात बाळगणे हीच संशयाची गोष्ट ठरली. ह्यात नीतीचा प्रश्न सरकारने फारसा काढला नाही. प्रश्न उत्पन्नाचा होता. बव्हेरियाच्या ड्यूकने गव्हाचे जे केले, तेच मुंबई सरकारने मोहाचे केले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु आपल्याकडच्या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, आणि ती बव्हेरियात नव्हती. १८८० साली जोतीराव फुले ह्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद ह्या नात्याने शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. सामाजिक प्रश्नांवर ज्या दोन प्रवाहांचे क्वचितच पटले, ते ह्या एका बाबतीत एकाच काठावर दिसतात. कारण कष्टकऱ्याच्या घरची चूल विझताना दोघांनीही पाहिली होती. सरकारने कोश भरण्यासाठी घरचे पातेले काढून घेतले आणि सुधारकांनी घर वाचवण्यासाठी दुकान बंद करण्याची मागणी केली. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० साली साऱ्या मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानेही मद्यपाननिषेधाचे ध्येय राज्यापुढे ठेवले. त्यानंतर साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांत ही बंदी हळूहळू सैल होत गेली. पण कायदा तोच राहिला. आजही महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, आणि घरात मद्य तयार करणे हा तर गुन्हाच आहे, मग ते हातभट्टीवर गाळलेले असो वा गव्हाच्या अर्कापासून आंबवलेले असो.

बंदीच्या काळात घरचे पातेले बंद झाले. पण नदीकाठची हातभट्टी बंद झाली नाही. ती अंधारात गेली. येथे एक शास्त्रीय भेद लक्षात ठेवला पाहिजे. धान्य आंबवून केलेल्या पेयात मद्यार्क थोडा असतो. ते गाळून, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड करून, तीव्र करतात, तेव्हा दारू होते. आणि तीही परवडेनाशी झाली, की त्यात कारखान्यातील मिथेनॉलसारखे विष मिसळणारे नराधम निघतात. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती सारी गरीब वस्तीतील होती. आमच्या थोरल्या मामांची तऱ्हा ह्याहून निराळी होती. त्यांस विषाने नव्हे, तर सवयीने मारले. पण दोन्ही ठिकाणी पिणाऱ्यास आपल्या पेल्यात काय आहे, हे माहीत नव्हते. जी विद्या घरातून उठली, ती ज्यांच्या हाती गेली त्यांस लाज नव्हती.

डब्याचा इतिहासही ह्याच्याशी जुळता आहे. माल्टचा अर्क प्रथम औषध आणि पौष्टिक अन्न म्हणून प्रसिद्धीस आला. आपल्याकडे आजारातून उठलेल्यास दुधातून माल्ट देण्याची चाल त्याच काळातली. १९२० साली अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी अमलात आली, तेव्हा तेथील मोठमोठ्या बिअर कंपन्यांनी आपल्या भट्ट्यांतून हाच अर्क डब्यात भरून वाणसामानाच्या दुकानांत विकण्यास काढला. नाव केले पाव-बिस्किटांचे. पण घरोघर त्याचे काय होई, हे विकणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांसही ठाऊक होते. १९३३ साली ती बंदी उठली. तरी घरी बिअर करण्यास अमेरिकन गृहस्थास कायद्याची मोकळीक मिळाली ती १९७८ सालच्या कायद्याने. इंग्लंडात १८८० साली ग्लॅडस्टनने घरगुती बिअरवर परवाना बसवला, तो १९६३ साली उठला. जर्मनीत आज ठराविक मर्यादेपर्यंत घरची बिअर करमुक्त आहे. म्हणजे राजाने घेतलेले पातेले कोठे कोठे गृहस्थास परत मिळाले, पण त्यास कोठे पन्नास, कोठे शंभर, कोठे त्याहून अधिक वर्षे लागली.

आमच्या पिंपरीने तर ह्या विद्येचा एक निराळाच अवतार पाहिला आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन म्हणजे तरी काय? मोठमोठ्या टाक्यांत गोड काढा ठेवून त्यात बुरशी वाढवायची आणि तिने निर्माण केलेले द्रव्य वेगळे करायचे. जुना मुंबई-पुणे रस्ता तेव्हा माळरानातून जात असे. त्या माळावर सरकारने हे जे पिंप मांडले, त्याने देशातील असंख्य लेकरे वाचवली. ज्या राज्याने १९५० साली आंबवणाऱ्या पातेल्यावर बंदी घातली, त्याच राज्यात चार वर्षांनी आंबवणाऱ्या टाकीचे स्वागत झाले. ह्यात विसंगती नाही. आंबण्याची क्रिया निर्दोष आहे. दोष असलाच तर पुढच्या पेल्यात आहे, हीच गोष्ट त्यावरून सिद्ध होते.

त्यानंतर ह्या पट्ट्यात जर्मन माणूस आला. १९९४ साली मर्सिडीज-बेंझने पिंपरीस आपले बस्तान मांडले आणि २००९ साली ती चाकणला गेली. त्याच वर्षी फोक्सवागनचा कारखाना चाकणला उघडला. ज्या चाकणच्या भुईकोटावरून १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाशी झुंज घेतली आणि ज्या चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार पंचक्रोशीत प्रसिद्ध, तेथे जर्मन पाट्या लागल्या. योगायोग असा, की त्याच २००९ साली पुण्यात 'डूलली' नावाची महाराष्ट्रातील पहिली लहान भट्टी सुरू झाली आणि तिच्या संस्थापकांत ओलिवर शाउफ नावाचा जर्मन कारागीर होता. आता पुण्यात अशा परवानाधारक भट्ट्या अनेक आहेत, आणि बव्हेरियाची पांढरी बिअर त्यांच्या फळ्यांवर सहज आढळते. म्हणजे गव्हाचे पेय आले, पण राजमान्य दारातून आले. घरच्या दारातून ते अजून येऊ शकत नाही.

तेव्हा मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर असे, की बंदीला दोन बाप आहेत. एक राजाचा कोश आणि दुसरा घरच्या बाईचे अश्रू. बव्हेरियात पहिला एकटाच होता, म्हणून कोशाची गरज सरताच बंदीही सरली. आपल्याकडे दोघे एकत्र आले आणि त्यांची गाठ अशी बसली, की पहिला आपले काम दुसऱ्याच्या नावावर करतो. जे राज्य मोठ्या भट्टीस परवाना विकते आणि गृहस्थाच्या पातेल्यास गुन्हा म्हणते, ते नीतीची भाषा बोलत असले तरी हिशेब कोशाचाच करते, असे आमचे मत ह्या अभ्यासाने झाले आहे. कौटिल्याने ओढलेली रेघ, म्हणजे व्यापारावर कडक नजर आणि घरच्या कार्यास मोजकी सूट, ही आम्हास अधिक प्रामाणिक वाटते. परंतु हे लिहिताना आमचा हात अडखळतो, हेही सांगितले पाहिजे. घरचे पातेले मोकळे असते तर थोरले मामा वाचले असते काय? तसे मानण्यास आम्हास आधार सापडत नाही. ज्याची तहान भागत नाही, त्यास पाच टक्क्यांची श्वेतसुरा कितीशी पुरणार?

हे सारे आम्ही त्या रात्री जेवणानंतर मातोश्रींस सांगितले. भाचाही बसला होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे सरकारचं कारण निराळं आणि माझं निराळं. सरकारचं मला पटत नाही. पण ह्या घरात नको. दादाचा फोटो आहे भिंतीवर." भाच्याने मान हलवली आणि डबे पिशवीत भरू लागला. तेव्हा त्याच म्हणाल्या, "ते राहू दे इथंच. वाया कशाला घालवायचं?"

कायद्याने तो अर्क म्हणजे अन्न. त्यास हरकत घेण्याचे कोणास कारण नाही. पौषाच्या थंडीत आमच्या घरातील लहान मुलांस रोज रात्री दुधातून तो मिळाला आणि डबे दोन महिन्यांत संपले. हॉप फुलांची पुडी आमच्या पुस्तकांच्या कपाटात आहे. कपाट उघडले, की कडसर, ओलसर गवतासारखा वास येतो. भाच्यास घेऊन आम्ही एके सायंकाळी पुण्याच्या एका परवानाधारक भट्टीत गेलो, परवान्याच्या कागदावर सही केली आणि त्याने इतके वर्णन केलेले ते गढूळ पेय एक पेलाभर चाखले. लवंगेचा वास खरोखरच येतो. घरी आल्यावर मातोश्रींस तसे सांगितले; त्या काही बोलल्या नाहीत.

फाल्गुनात कुरडयांचा गहू भिजला. तिसऱ्या दिवशी तो आंबूस वास घरभर पसरला, तेव्हा भाचा न बोलावता आला. मुंजीचे ते मोठे पातेले चुलीवर चढले होते. "चीक घोटायला जोर लागतो," असे म्हणून मातोश्रींनी कलथा त्याच्या हाती दिला.